शेंडा

जानेवारीत तिसा नदीवर धुकं उतरलं
की सेगेदमध्ये चारलाच दिवे लागतात.
आमच्या काचघरात मात्र सोळा तासांचा दिवस,
टायमरवर चालणारा.
ओळीनं कुंड्या: तंबाखू, तंबाखू, तंबाखू,
आणि कोपऱ्यात एक्केचाळीस नंबरची,
एकटी.

तिच्यावर चौदा महिने गेले.

पानाच्या एका पेशीत हरितलवकं शंभराच्या आसपास,
प्रत्येकात एकाच पोथीच्या कितीतरी प्रती.
फार जुनी पोथी. एके काळी पाण्यात
एकट्यानं राहणाऱ्या कुण्या जीवाची.
दुसऱ्यानं त्याला गिळलं, पण पचवलं नाही.
पाहुणा राहिला तो राहिलाच.
स्वयंपाक अंगावर घेतला,
बरीचशी कागदपत्रं घरमालकाच्या तिजोरीत दिली,
थोडी उशाखाली दाबून ठेवली.

त्या उशाखालच्या पानांत
मला एक अक्षर बदलायचं होतं.
एकच.

जिचा एवढा बोलबाला आहे ती कात्री इथे चालत नाही.
तिला वाट दाखवणारा धागा
दोन पडद्यांच्या दाराशी अडतो.
मग धागा सोडला. एक प्रथिन घडवलं,
त्याच्या कपाळावर आत सोडण्याची चिठ्ठी,
जी उंबऱ्याच्या आत फाडून टाकतात.
ते कापत नाही काही.
नेमकं अक्षर हुडकतं
आणि त्याचा नुसता काना काढतं.

नंतर औषधाच्या बशीत पानाचे तुकडे.
सगळे पांढरे पडले, भिजल्या कागदासारखे.
केमेनेश सर म्हणाले, फेक.
मी शुक्रवारी फेकणार होते.
गुरुवारी एका तुकड्याच्या कडेला
टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं.

हिरवं झालं म्हणजे संपलं असं नाही.
आलेखात जुन्या अक्षराचं टेकाड उरलंच होतं,
बुटकं, चिवट.
जुन्या प्रती नव्यांच्या आडून
आपल्या नकला काढत बसलेल्या.
पुन्हा तुकडा, पुन्हा बशी.
तिसऱ्या फेरीत टेकाड सपाट.
मी संगणक बंद केला, चालू केला,
पुन्हा पाहिलं.

त्या रविवारी आई आली, न्यीरशेगहून, दोन गाड्या बदलून.
रोझालिया, वय बाहत्तर,
त्यातली एकतीस वर्षं तंबाखूच्या वाफ्यांत.
पहारेकऱ्याच्या वहीत तिची सही घेतली,
अंगात पांढरा कोट घातला. तिला तो लांब झाला.
मी तिला सांगत होते,
की हे अक्षर आता फक्त आईकडून जाईल,
परागातून जवळजवळ काहीच जात नाही,
बापाकडून आडनाव येतं तेवढंच.
ती म्हणाली, "ते मला माहीत आहे."
आणि एक्केचाळीसच्या शेंड्यावरची कळी
अंगठ्याच्या नखानं
कट्.

"शेंडा खुडला की पान भरतं," आई म्हणाली.
बोटांना लागलेला चीक कोटाला पुसला.

ती पहिलीच कळी होती.
त्यात बी धरणार होतं.
मी काहीच बोलले नाही.
काचेवर वाफ साचली होती, पंखा घुरघुरत होता,
आणि आई पुढच्या कुंडीकडे वळली होती,
तेव्हा मात्र तिचा हात धरला.

सरांना सांगितलं, कळी गळली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कापलेल्या देठाकडे.
देठ अगदी स्वच्छ कापला होता.

तेरा दिवसांनी पानाच्या बगलेतून
दोन फुटी निघाल्या.
फोनवर आई म्हणाली,
"बोर्का, त्याही खुडायच्या असतात,
नाहीतर पानाचा सगळा रस त्याच खातात. येऊ का?"
"नको," मी म्हटलं. "नको, आई."

आज नवी चिठ्ठी लावायला वाकले.
तारीख, नंबर, पिढी.
लक्षात आलं,
माझा अंगठा आपोआप
वरच्या फुटीच्या बुडाशी गेला होता,
नख बरोब्बर जागेवर.

मी हात खिशात घातला.