पांगाऱ्यावरची भोकरी

सावळजच्या वरच्या अंगाला, अग्रणीच्या काठानं
लोखंडी अँगल, तारा, ठिबक, सगळं एका दोरीत.
सोनाका, माणिक चमन, सुपर,
मणी लांबावा म्हणून औषधाच्या मगात बुडवून काढलेले घड.
आणि या शिस्तीच्या मधोमध, विहिरीच्या कडेला,
दोरी चुकवून उभी आमची चाळीस झाडं,
पांगाऱ्याच्या खांद्यावर चढलेली भोकरी.

सासरे म्हणायचे, काढून टाकू पुढच्या छाटणीला.
पुढची छाटणी दरवर्षी पुढच्या वर्षी असायची.
व्यापारी गाडीतनं उतरायचाच नाही,
काच खाली करून विचारायचा,
"बाभळीला लागलंय काय हे?"
साल जाड, बी ठसठशीत, गोडी बेताची,
पेटीत भरावं तर पेटी लाजावी.

चंपूआत्यानं मात्र कुऱ्हाड लागू दिली नाही.
तिचं म्हणणं एवढंच:
"पांगारा जित्ता खांब हाय.
त्येला गंज चढत न्हाई."

मी मिरजेला सूक्ष्मजीव शिकून आलेली सून.
एका सकाळी घड उन्हाला धरून तिला दाखवला,
मण्यावरची पांढुरकी भुकटी,
बोट फिरवलं की जाते ती.
म्हटलं, यातच झोपलंय आंबवणारं सगळं,
विकतचं पाकीट नको,
फक्त शेवटचे दोन महिने पंपाला हात लावायचा नाही,
आणि घड धुवायचे नाहीत.
ती म्हणाली, "म्हंजी इरजण."
तीन वर्षं कॉलेजात मला हा शब्द कुणी दिला नव्हता.

पहिल्या साली शिरका झाला.
आख्खी टाकी. मी दोन दिवस जेवले नाही.
आत्यानं त्यात मिरच्या आणि लिंबं घातली,
"आंबटाचं काय तरी हुतंच," म्हणाली,
आणि आम्ही ते लोणचं पुढच्या दिवाळीपर्यंत खाल्लं.

दुसऱ्या साली पाच घरांत मिळून एक परवाना.
कागदासाठी तालुका, जिल्हा, परत तालुका,
साहेबांनी विचारलं, भोकरी हे गावाचं नाव का?
मगदूम म्हणाले, आमच्यात थेंब चालत नाही,
पण पाट्या मोजायला मी बसतो,
आणि खरंच बसले, वहीत रेघा मारत, पाकोळ्या हाकत.
तण काढायला औषध नाही मारलं,
बिराप्पाची मेंढरं तीन राती बसवली,
लेंड्यांचा वास फुलोऱ्यापर्यंत पुरला.

शिमग्यानंतर रस भरला.
आत्या रोज संध्याकाळी पिंपाला कान लावायची,
पोटुशीच्या पोटाला लावावा तसा.
"बोलतंय," म्हणायची.
नवव्या दिवशी म्हणाली, "हळू बोलतंय."
सोळाव्या दिवशी काहीच म्हणाली नाही,
पदरानं पिंपाचं झाकण पुसून
शेळी सोडायला गेली.

पावसाळाभर आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही.
दसऱ्याला तोटी उघडली.
फिकट, गवताच्या काडीसारखा रंग.
मगदुमांनी नुसता हुंगला.
मला चिंचेचा कोवळा पाला लागला,
विहिरीच्या खालच्या पायरीवरचं शेवाळ,
आणि गिळल्यावर, खूप उशिरा,
शेताच्या बांधावर भाजलेल्या हरभऱ्याचा धूर.
आत्यानं आयुष्यात प्यालेली नव्हती.
करंगळी बुडवून जिभेला लावली,
डोळे बारीक केले.
"आपल्याच हिरीचं पाणी की गं.
जरा हट्टी झालंय."

दोनशे चाळीस बाटल्या. फार नाहीत.
बारा फुटल्या, खिंडीच्या रस्त्यात.

यंदा छाटणीच्या दिवशी
सासऱ्यांनी कोयता घेतला, विहिरीकडे गेले.
पांगाऱ्यावर घाव बसल्याचा आवाज आला
तशी मी हातातली परात टाकून धावले.
मनगटाएवढी फांदी त्यांनी तोडली होती,
टोक तासत होते.
दोन्ही हातांनी तिला एकेचाळिसाव्या खड्ड्यात रोवली,
टाचेनं माती दाबली,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"बघत काय बसलीस. पाणी आण."