सावड

बाबा बाल्कनीला पडवी म्हणत,
लिफ्टसमोरच्या चार फरशांना अंगण,
आणि सकाळी नळाला पाणी आलं
की 'झरा फुटला गं' असं आईला सांगत,
जणू किसननगरच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तात्पुरते उतरलो होतो
कुणाच्या तरी लग्नाला.

आठवडाभर ते वागळे इस्टेटीत
लेथवर लोखंड सोलायचे.
शनिवारी दुपारचा भोंगा झाला
की खोपटवरून मुरबाडची एस्टी,
पुढे धसईपर्यंत जे मिळेल ते,
त्यापुढे चालत,
वाटण्या होऊन उरलेल्या सहा गुंठ्यांकडे.
विहीर नाही. सावलीला एकच ऐन.
'सहा गुंठ्यांत पिकतं तरी काय?' आई विचारायची.
'झोप,' ते म्हणायचे,
'रविवारी रात्री बघ, कशी लागते.'

एकदा त्यांनी दुधीचा वेल
सांडपाण्याच्या पाइपावरून पाचव्या मजल्यापर्यंत चढवला.
सेक्रेटरी मुळ्येकाकांनी नोटीस लावली:
'श्री. मोरेश्वर देसले यांनी सदर वनस्पती
तीन दिवसांत हटवावी.'
बाबांनी नोटीसच हटवली,
तिच्यात पहिला दुधी गुंडाळला
आणि मुळ्यांच्या दाराला टांगून आले.
वेल राहिला. मुळ्येकाकू खिडकीतून
रोज त्याची फुलं मोजायच्या.

हे मी हसत सांगते सगळ्यांना.
पुढचं सांगत नाही.

नववीत होते. रविवारची रात्र.
गेटपाशी बाबा, डोक्यावर गाठोडं,
पिंडऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल,
आणि माझ्याबरोबर वर्गातली शाल्मली.
'कोण गं?' तिनं विचारलं.
मी म्हटलं, 'वरच्यांकडे येतात. तांदूळ घेऊन.'
बाबांनी ऐकलं.
लिफ्ट आमच्यासाठी सोडून
जिन्याने वर गेले,
एका हाताने गाठोडं सावरत.
घरी एवढंच विचारलं,
'वरच्यांचे तांदूळ निवडून देशील का?'
आणि इतके हसले
की मलाच राग आला.

ते गेल्यावर सहा महिन्यांनी
माळ्यावर बोर्नव्हिटाचा डबा सापडला.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्यांचं अक्षर:
'कडवे वाल. घरचे. हलवू नये.'
उघडला, तर आत राख.
हात मागे आला.
मग आठवलं, कीड लागू नये म्हणून
बियाणं चुलीच्या राखेत घोळवून ठेवतात.
वर्तमानपत्र पसरलं, चाळण घेतली,
आणि एकेक वाल वेगळा करताना
तोच शब्द आला ओठांवर
जो तिसऱ्या दिवशी जवाहरबागेत
गुरुजींनी वापरला होता.

दिवाळीनंतर धसईला गेले.
भात कापून झालेला, खाली ओल अजून जिवंत.
शेजारच्या तुकड्यावरून काळूराम आगिवले आला,
बैल घेऊनच.
दोन फेऱ्यांत जमीन उकरून दिली.
मी पैसे काढले.
'ठेव ते. मोरूची सावड फेडायची ऱ्हायलीय माझी.
गेल्या साली माझ्या लावणीला आल्ता दोन दीस,
छातीत दुखत व्हतं तरी.
सांगलं नाय त्यानं तुमाला?'

नाही सांगितलं.
आम्हाला सांगितलं होतं,
कंपनीतल्या जुन्या मंडळींबरोबर शिर्डीला जातोय.
येताना पेढेही आणले होते.
गुडघ्यांना तेल लावताना मीच म्हटलं होतं,
'रांगेत एवढं उभं राहायचं कशाला?'

'किती खोल टोकायचं?' मी काळूरामला विचारलं.
'बाप तुझा दुसऱ्या पेरापातूर घालायचा.
आनि पावसाकडं बघायचं नाय.
वालाला दव पुरतं.'

वाकले.
नखांत राख होतीच,
तिच्यावर माती बसली.
त्यांची बोटं लांब होती.
माझं आखूड,
म्हणून दर वेळी
थोडं जास्त दाबलं.