गढूळ म्हणजे बरं

वनिता शेंडुरे, वय चोवीस, हुपरी.
नळीला मी चांदीचा कागद गुंडाळते,
उजेड लागला की फोलेट विरतं म्हणून.
ती हसली : "आमच्यात पायात घालत्यात चांदी,
तुम्ही रक्ताला घालताय व्हय?"
बोटांवर डाखाचे जुने चटके.

"काल मेथीची आख्खी पेंडी खाल्लो मी.
आज आकडा बरा यील न्हवं?"

रक्तद्रव असाच भोळा,
कालच्या ताटाचं आज सांगत सुटतो.
तांबड्या पेशी तशा नाहीत.
जन्मताना पदरात पडलं
तेवढंच घेऊन चार महिने फिरतात,
मधे कुणी कितीही मेथी चारा.

राजारामपुरीतलं नवं मशीन
अर्ध्या तासात आकडा टाकतं.
आमच्याकडे जंतू आहेत,
दह्याच्या विरजणाचे चुलत भाऊ,
उणे ऐंशीतून उठवलेले.
त्यांना सगळं वाढायचं, साखर, क्षार, अमिनो आम्लं,
फोलेट तेवढं नाही.
मग क जीवनसत्त्वाच्या पाण्यात फोडलेलं
वनिताचं रक्त, खळग्या-खळग्यांत थेंब.
सदतीस अंशांची ऊब.
आता ते तिच्या ताटात जेवणार
आणि तिथे असेल तेवढेच वाढणार.

बेचाळीस तास.
मधे दोनदा घरी जाऊन आले.
गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी धार देत होत्या,
लोक फेसासकट पेले तोंडाला लावत होते.
रात्री स्वप्नात प्लेट सांडली.

ह्या कामात सगळं उलटं.
बाकी टेबलांवर द्रावण गढूळलं
की हेरवाडकर सर ओरडतात;
इथे मी गढुळाची वाट बघत बसते.
प्रमाणाच्या रांगेत धुकं
पायरी-पायरीने दुधाळ होत गेलेलं,
आणि तिच्या रांगेत
खालचं छापील अक्षर वाचता येईल इतकं नितळ.

पुन्हा लावलं.
नितळ.

फॉर्मवर निळ्या शाईत एक ओळ होती,
ती मी मुद्दाम शेवटी वाचली.
मागचं बाळ. पाठीचा कणा मिटला नव्हता.

फोनवर मागे ठोकण्याचा आवाज.
"मेथी लागली का रक्ताला?"
लागली, म्हटलं, वरच्या वर.
डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्यात, एकही चुकवू नका,
आणि इतक्यात
"कळलं," ती म्हणाली.
ठोकणं थांबलं होतं.

आज जन्मतील त्या पेशी
तुळशीच्या लग्नापर्यंत तिच्या अंगात फिरतील.
तेव्हाची तारीख वहीत घातली.
प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना
तिच्या रांगेतून मला माझा अंगठा दिसला.