सातवा रकाना

तालुक्याच्या कचेरीतून मी निघालो,
शेवटच्या फाटकापाशी गाडी ठेवली,
पुढचे दोन मैल पायी.
काखेत फाइल, नाकाला पाणी,
आणि डोक्यावर कुरऱ्यांचा थवा.
त्यांच्या अंड्यांचे दिवस. त्या सर्वांत उंच वस्तूला चोचतात,
म्हणून एक काठी डोक्याच्या वर धरून चाललो,
झेंडा हरवलेल्या मिरवणुकीतल्या शेवटच्या माणसासारखा.

स्टेइनवोर दारातच होती. एक्क्याऐंशी वर्षांची.
"काठी बाहेर ठेव," म्हणाली, "घरात चोचणारं आता कुणी उरलं नाही."

कॉफी. तिच्या दातांत साखरेचा खडा.
मी रकाने भरत गेलो.
मेंढ्या: अकरा.
बोट: एक, फुटकी.
किनाऱ्याला लागलेले ओंडके: सैबेरियाचे, न मोजलेले.
भाऊ होस्कुल्द: समुद्रात.
साल तिने सांगितलं. तारीख विचारली तर
खिडकीबाहेर बघत राहिली, मग कॉफी ओतली.

सातव्या रकान्याशी पेन अडलं.
वारस?

तिने बूट चढवले.

जून होता, तरी वाळू अशी गार
की तळव्यांतून दाढेपर्यंत कळ जावी.
भरतीच्या रेषेच्या जरा वर,
कुजक्या शेवाळापलीकडे,
जाळ्याचा तुकडा, एका हाताचा रबरी मोजा,
आणि त्यांना खेटून
हिरवी, पिवळट हिरवी, बुटकी वस्ती.
वीतभरही उंच नाही.
पानं जाड, रसरशीत, जोडीजोडीने,
खालची जोडी पूर्व-पश्चिम तर वरची दक्षिण-उत्तर,
कुणीतरी दुपारभर बसून घड्या घालाव्यात तशी.
फुलं होती. ती मात्र शोधावी लागली.

"फ्योरुआर्वी," ती म्हणाली. "लिही."

आमच्या भाषेत आर्वी हा शब्द दोन कामं करतो.
आर्वी म्हणजे तण.
आर्वी म्हणजे वारस.
शाळेत या विनोदावर एकदा हसलो होतो,
नंतर नोकरी लागली.

"कायद्याला बापाचं नाव लागतं," मी म्हणालो.
"ते तसं कुणाचं खात्रीने माहीत असतं?"
असं म्हणून ती गुडघ्यांवर बसली, खणू लागली.
मनगट गेलं, कोपर गेलं,
मूळ पांढरं, दोरीसारखं, खालीच चाललेलं.
ती थांबली. मूळ थांबलं नाही.

"तिसऱ्या वर्षीच्या वादळात
समुद्राने इथे हातभर वाळू ओतली.
माझ्या पायऱ्या गाडल्या गेल्या, हाही गाडला गेला.
पायऱ्या मी फावड्याने काढल्या. आठ दिवस लागले.
याला कुणी काढलं नाही."

एवढंच. त्यावर पुढे काही बोलली नाही.
खड्डा हाताने बुजवला, वर थोपटलं,
मेंढीच्या पाठीवर थोपटतात तसं.

मग एक शेंडा खुडून मला दिला.
तिची आई हा दह्याच्या निवळीत मुरवायची,
पिंपभर, मासे न येण्याच्या वर्षी.
मी चावला, सरकारी वेळेत.
आधी कोबी, मग मीठ,
मग बऱ्याच उशिराने काकडी.
"बरा आहे," मी म्हणालो.
"बरा नाहीये," ती म्हणाली. "पण असतो."

परतताना काठी तिच्या दाराशीच राहिली.
अर्ध्या वाटेवर आठवण आली, म्हणजे कुरऱ्यांनीच करून दिली.
फाइल डोक्यावर धरून मी धावलो,
पन्नाशीचा सरकारी माणूस, ओरडत,
आणि मागे, दारात, ती हसत असावी.
वाऱ्याने नीट ऐकू येऊ दिलं नाही.

कचेरीतला संगणक रिकामा रकाना घेत नाही.
मी एक आडवी रेघ टाकली.
इंगिम्येर साहेबांनी फाइल परत पाठवली:
रेघ चालणार नाही, आणि
मुखपृष्ठावरचे पांढरे डाग कसले, याचा खुलासा करावा.

खुलासा लिहायला बसलोय.
दाढेत अजून वाळूचा एक कण आहे.
जीभ सारखी तिकडेच जाते.