वाकडा शिंपला

कार्डावर मार्गारेट. मी दार उघडून हाक मारते.
तीन बायका उठतात.
चौथी उठत नाही, तिला ऐकूच आलेलं नाही,
आणि कार्ड नेमकं तिचंच असतं.

पर्थ. स्कॉटलंडमधलं.
(भाऊ फोनवर अजून मला ऑस्ट्रेलियातलं ऊन विचारतो.)
नदीकाठचं गाव, कानांचा दवाखाना, मंगळवार.
म्हाताऱ्या कानांतून आधी बारीक अक्षरं जातात :
त, स, श, फ.
जाड आवाज मागे राहतात,
घर रिकामं केल्यावर न हललेल्या कपाटांसारखे.

उठलेल्या तिघी ओशाळून पुन्हा बसतात.
एकीला घरी मेझी म्हणतात, एकीला मॅज,
तिसरी ग्रेटा, तिची आई डेन्मार्कची.
फरशी पुसणारी गोशा पोलंडहून आलेली,
बादली टेकवून म्हणते, मीसुद्धा!
पासपोर्टात मावगोझाता, उच्चारायला कुणाला वेळ आहे?
नाव एक, पण
एकीची चप्पल दुसरीच्या पायात जाणार नाही.

मला इथे मार्जरी म्हणतात.
पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करत राहिले :
मं, जि, री.
आईनं तुळशीच्या तुऱ्यावरून ठेवलेलं,
आणि ती तुरे खुडायचीही रोज,
नाहीतर झाड वाळतं म्हणायची.
वाळका तुरा तळहातावर चोळला
की मोहरीहून बारीक दाणे
कुठे कुठे उडतात, दिसतही नाहीत.

मग एकदा पावसात अडकले वाचनालयात,
जाडजूड कोश उघडला उगाच.
मार्गारेट म्हणजे मोती. शब्द ग्रीक.
ग्रीकांनी तो घेतला इराणच्या बाजूनं.
त्याही पलीकडे, बारीक टाइपात, बिचकत :
संस्कृत मंजरी पाहा.
पंडितांचं एकमत नाही.
माझं झालं.

कुणी नेलं असेल? एखाद्या दलालानं,
मोती ओल्या फडक्यात आणि शब्द जिभेखाली.
बंदराबंदरात थोडं झिजलं, थोडं चिकटलं.
ग्रेटानं डोकं टाकलं, मेगनं शेपूट,
पेगीनं तर म सुद्धा बदलून घेतला
झबलं बदलावं तसा.
त्यांच्या रांगेत सगळ्यात मागे मी,
विमानानं आलेली,
व्हिसाच्या कागदावर स्पेलिंग तपासत.

चौथीचं नाव पेगी टाउन्सली, ऐंशी पार.
काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवते.
आवाज आला की बटण दाबा, आजी.
ती दाबते. मी आवाज सोडलेलाच नसतो.
पुन्हा दाबते.
काय ऐकलंत?
पाणी, म्हणते. नदी.

बाप तिचा मोती काढायचा टे नदीतून,
कमरेइतक्या गार पाण्यात वाकून,
काचेचं बूड लावलेल्या डब्यातून तळ बघत,
हातात दुबेळक्याची काठी.
आता बंदी आहे. शिंपले उरले नाहीत फारसे.
तंबू हलवायचे दर महिन्याला, ती सांगते,
गावातली पोरं शाळेत आम्हाला दगड मारायची,
आणि बाई हजेरीत पेगी कधी म्हणाल्या नाहीत.
मार्गारेट. मी ओ द्यायचेच नाही.

नवं यंत्र बसवते दोन्ही कानांमागे.
दचकते. स्वतःच्या कोटाची सळसळ
ऐकत बसते बराच वेळ, बाही घासून घासून.
तुझं नाव काय गं?
मंजिरी.
मार्जरी?
तोंड उघडते मी, सवयीनं, दुरुस्त करायला.

पण ती भलतंच सांगत असते :
सरळ, गुळगुळीत शिंपला उघडू नये,
बाप म्हणायचा, त्यात काही नसतं.
वाकडा शोध.
कुठेतरी दुखून वाढलेला.

बाहेर मॅज खोकते. मेझीची बस चुकणार आहे.
मी पुढचं कार्ड उचलते, आणि काय सांगू,
पुन्हा मार्गारेट.