टक्

हेमलता गायधनींच्या कॉम्प्युटरला मॉनिटर नाही.
लागतही नाही.
तपासायला माझा नेतो, बसमध्ये मांडीवर,
सिडकोपासून सातपूरपर्यंत.
कंडक्टर विचारतो, टीव्ही बिघडला का?

बाईंना लागतो तो फक्त आवाज.
फाइल कुठली, कर्सर कुठे, चुकून काय पुसलं गेलं,
सगळं स्पीकरनं सांगायचं,
आणि स्पीकर आठ दिवस गप्प.

विंडोज बंद पडली तेव्हा मीच म्हणालो मोठ्या तोंडानं,
लिनक्स टाकू. फुकट आहे, शिवाय आपलं आहे.
आपलं खरं, पण साउंड कार्ड परकं निघालं.
भद्रकालीतल्या भंगारातलं,
नाव नाही, गाव नाही,
चिपवरचे आकडे घासलेले.
टॉर्च तिरका धरून वाचतोय:
आठ की तीन? की बी?

मग ड्रायव्हरमागून ड्रायव्हर.
हा मॉड्यूल काढ, तो घाल, रीबूट.
मोबाइलला रेंज जिन्यात, खोलीत नाही,
म्हणून वर-खाली, वर-खाली,
कमांड तळहातावर पेनानं उतरवून.
एका ड्रायव्हरच्या कोडमध्ये, अगदी वर,
कुणीतरी बारा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं:
हे कार्ड माझ्याकडे नाही. अंदाजानं लिहितोय.
चाललं तर कळवा.

बाई खुर्चीत मटार सोलत होत्या.
मध्येच म्हणाल्या,
"आत्ता जे केलंत ते परत करा."
काय केलं?
"टक् झालं. डाव्या स्पीकरमध्ये."

मला काहीच आलं नव्हतं ऐकू.
खाली पाळी सुटलेली, मोटरसायकली,
शेजारी कुकर, त्याच्यावर कुणाची तरी मालिका.
परत केलं.
"हे बघा. टक्."

बघा म्हणाल्या, म्हणून मी स्पीकरकडे बघितलं.

म्हणजे कार्ड सापडलं होतं.
केव्हाचंच. मंगळवारपासून असेल.
मिक्सर उघडला तर पट्ट्यांची रांग
आणि प्रत्येकीच्या पायाशी
एम एम, एम एम, एम एम.
म्यूट.
आठ दिवस मी त्याचं कूळ धुंडाळत होतो,
आणि त्याला नुसतं "बोल" म्हणायचं राहिलं होतं.

कीबोर्डवरचा एम दाबला.

बोललं.
दातांच्या डॉक्टरकडून नुकतंच आल्यासारखं,
ळचा ल करत, श्वास न घेता:
"डेस्कटॉप कचरापेटी मोकली"

बाईंचा हात मटारात थांबला.
"मराठी आहे का हे?"
शिकतंय, मी म्हणालो.
"शिकेल. पण फार हळू बोलतंय हो. वाढवा."

वाढवलं. दुप्पट. "अजून."
चौपट.
आता मला एक अक्षर लागेना,
कढईत मोहरी तडतडावी तसं काहीतरी चाललेलं,
आणि त्या टाइप करत होत्या,
मटाराची साल एका बोटाला चिकटलेली, तशीच.

मी मॉनिटर चादरीत गुंडाळला.
शेवटची बस साडेनऊला.
तळहातावरचं अजून पुसायचं होतं,
आणि त्या बारा वर्षांपूर्वीच्या माणसाला
कळवायचं होतं.