मूळ रंग

मरोळच्या नर्सरीत तो उभा होता,
बॉनेटवर मनीप्लांटच्या कुंड्या घेऊन.
मला वाटलं, कुणीतरी मोरी उपटून टाकलीय.
युस्टेस किणी म्हणाला, ट्रॅक्टर आहे गं,
बंगल्याची हिरवळ कापायचा. बारा घोड्यांचा.
नर्सरीवाल्याने कुंड्यांचे पैसे वेगळे लावले.

टेम्पोने गाळ्यात आणला,
बापाच्या लेथशेजारी जागा केली.
दीड वर्ष, नुसते रविवार.
इंजिन जाम. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं
आणि लोणच्यासारखं रोज उघडून बघितलं.
कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीचं घर निघालं,
पाच खोल्यांचं, मातीचं, भाडेकरू गेलेले.
मॅग्नेटो कुर्ल्याच्या भंगारातला,
कुठल्याशा फवारणीपंपाचा, पण भोकं जुळली.
गॅस्केट मी कात्रीने कापली,
दोन वाया गेल्या.

रंग खरवडताना कळलं, किती जणांचा होता तो.
वर चांदी. तिच्याखाली लाल.
मग हळदीसारखा पिवळा, कुणाची हौस देव जाणे.
मग तांबेरा.
आणि हेडलाइटच्या वाटीमागे,
जिथे ऊन कधी पोचलंच नाही,
टिकलीएवढा हिरवा.
युस्टेस चष्मा काढून, नाक लावून बसला तिथे.
रंगवाल्याकडे चार फेऱ्या झाल्या:
हा शेवाळी. हा पोपटी.
हा नको, हा बँकेचा आहे.

क्लचच्या पेडलवर एक लाकडी ठोकळा होता,
दोन बोल्टांनी आवळलेला,
वर सायकलच्या टायरचा तुकडा चुकांनी ठोकलेला.
पुस्तिकेतल्या चित्रात तो नव्हता.
काढला.
कुठे टाकला, तेही पाहिलं नाही.

जानेवारीत प्रदर्शन, वांद्रे-कुर्ला संकुलात,
सिमेंटवर हिरवा गालिचा अंथरून.
जुन्या मोटारी पुढे, दोरीच्या आत.
आम्ही शेवटी, जनरेटरच्या गाडीपाशी.
एक मुलगा थांबला. हा काय करतो?
गवत कापतो.
कुठलं?
एरवी न थांबता बोलणारा युस्टेस
गालिच्याकडे बघत राहिला.

परीक्षक भिंग घेऊन आले,
बोल्टांची डोकी पाहिली, तळाशी वाकले.
सगळं मूळचं?
सगळं, आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दुपारी एक म्हातारा आला नातीबरोबर,
शाळकरी पोराएवढा, इस्त्रीचा शर्ट,
नवे बूट चावत असावेत असं चालणं.
बारकू वरठा, आरेच्या पाड्यातला.
मडगार्डवरची पोच युस्टेसला निघता निघाली नव्हती;
तिच्यावर हात ठेवून तो म्हणाला,
आंब्याला ठोकला होता मी. साहेब गावाला गेलेला.

रंग छान झालाय असं काही म्हणाला नाही.
कुणाला न विचारता चढून बसला.
हात न बघता थ्रॉटलवर गेला.
डावा पाय लांब केला
आणि तो हवेतच राहिला,
पेडलपासून चार बोटं अलीकडे.

वाकून बघू लागला खाली,
देवळाबाहेर चप्पल शोधावी तसा.
इथं माझं लाकूड व्हतं.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. कप मिळाला.
नातीने फोटो काढला, त्यात मी हसतेय.

त्या रात्री गाळ्यात बॅटरी घेऊन शोधलं.
भंगाराचा डबा उपडा केला,
लेथखालचा कीस हातांनी उपसला, बोट कापलं.
शेवटी सापडला कामाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली.
त्याच्यावर वर्षभर आमचा चहा डुलला नव्हता.

पुढच्या रविवारी बोल्ट आवळताना
नवा हिरवा दोन ठिकाणी उडाला.
उडू दे, युस्टेस म्हणाला.
पाड्यामागे गवत कमरेएवढं झालंय, बारकूचा निरोप होता,
पेट्रोल तुमचं.

टेबल मात्र आता डुगडुगतं.
कपाची बैठक लाकडी आहे.
बसते का बघायला हवं.